क्लबचा खेळ, शाळेचा संघ

अमेरिकेत हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणारे गुणी मूल वर्षभरात दोन संघांकडून खेळते. नोव्हेंबर ते मार्च शाळेकडून आणि एप्रिल ते जुलै एखाद्या क्लबकडून. कोर्ट तेच, चेंडू तोच. पण प्रशिक्षक वेगळा, सोबती वेगळे आणि खेळण्याचा हेतूही वेगळा. शाळेच्या संघाला एकेक टप्पा ओलांडत राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचायचे असते. क्लबच्या स्पर्धेत मुलाचे लक्ष गुणफलकाइतकेच कोर्टाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या कॉलेजच्या प्रशिक्षकांकडे असते. २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात तिथल्या हायस्कूल संघांतून सुमारे ५ लाख ४० हजार मुलगे आणि जवळपास ४ लाख मुली बास्केटबॉल खेळत होत्या. संघात क्लबचे खेळाडू जितके जास्त तितके शाळेचे यश मोठे, असे पुष्कळ पालक धरून चालतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. क्लबमध्ये खेळाडू घडतो यात शंका नाही. शाळेचा संघ मात्र त्यातून आपोआप घडत नाही. तो घडतो तेव्हा क्लबमधून मुलाबरोबर आणखी काहीतरी शाळेत आलेले असते.

महाराष्ट्रातल्या आंतरशालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि एकेक पायरी थोडक्या दिवसांत आटोपते. अमेरिकेतल्या शाळेचा हंगाम चार महिने चालतो. आठवड्यातून पाच-सहा दिवस सराव, दोन सामने, आणि मार्चमध्ये राज्याची स्पर्धा. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात हा खेळ शोधला आणि पुढच्या काही दशकांत तो शाळांच्या आधारानेच गावोगावी पसरला. इंडियाना राज्यात तर काही गावांनी गावाच्या लोकसंख्येहून जास्त प्रेक्षक मावतील अशा जिम बांधल्या. शुक्रवारी रात्री शाळेचा सामना म्हणजे गावाचा सामना, हे तिथे शब्दशः खरे होते.

याच राज्यातल्या मायलन गावच्या हायस्कूलची गोष्ट अमेरिकेत अजून सांगितली जाते. १९५४ साली या शाळेत १६१ विद्यार्थी होते. त्या काळी इंडियानातल्या सगळ्या शाळा, लहान-मोठी असा भेद न करता, एकाच स्पर्धेत उतरत. ही पद्धत १९९७ पर्यंत टिकली. अंतिम सामन्यात मायलनने मन्सी सेंट्रल या कितीतरी मोठ्या शाळेला ३२-३० असे हरवले. अखेरच्या क्षणी बॉबी प्लम्पने मारलेला चेंडू रिंगमधून गेला आणि सामना संपला. मार्व्हिन वुड हे तरुण प्रशिक्षक चेंडू हातात धरून ठेवणारा, संथ, शिस्तीचा खेळ शिकवीत. पण त्यांच्या हाती आलेली मुले आधीच एकत्र खेळून तयार झालेली होती. प्लम्पसह त्यांतली काही जण शेजारच्या पिअर्सव्हिल या वस्तीतली; शाळेच्या संघात येण्याआधी कित्येक वर्षे ती घराच्या परसात आणि गल्लीत रिंग लावून रोज एकमेकांशी खेळत आली होती. कोण कुठे वळेल, कोणाला पास कुठे हवा, हे त्यांना सांगावे लागत नसे. तेव्हा आजच्यासारखे क्लब नव्हते, पण शाळेबाहेरचा खेळ शाळेच्या कामी येणे तेव्हाही होतेच.

आजच्या क्लब बास्केटबॉलची मुळे अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन म्हणजे एएयू या संस्थेत आहेत. ती १८८८ ची. अनेक दशके अमेरिकेतल्या हौशी खेळांचा आणि ऑलिंपिक संघनिवडीचा कारभार तिच्याकडे होता. १९७८ च्या अमॅच्युअर स्पोर्ट्स अ‍ॅक्ट या कायद्याने ते अधिकार प्रत्येक खेळाच्या स्वतंत्र संघटनेकडे गेले आणि एएयूने आपले लक्ष मुलांच्या स्पर्धांकडे वळवले. त्याच सुमारास बुटांच्या कंपन्यांना हायस्कूलमधल्या खेळाडूंचे मोल कळू लागले. सॉनी व्हकारो यांनी १९६५ मध्ये पिट्सबर्गला देशभरातल्या निवडक हायस्कूल खेळाडूंचा ‘डॅपर डॅन’ सामना सुरू केला होता. १९७७ मध्ये ते नायकीकडे गेले, १९८४ मध्ये त्यांनी ‘एबीसीडी’ हे उन्हाळी शिबिर काढले आणि पुढे आदिदास व रीबॉकसाठीही हेच काम केले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पायात आज आपला बूट असला तर उद्या तो मोठा झाल्यावर आपल्याकडेच राहील, असा त्यामागचा हिशेब होता. २०१० मध्ये नायकीने ‘एलिट यूथ बास्केटबॉल लीग’ सुरू केली. तिच्या उन्हाळी हंगामाचा कळस म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा इथे जुलैत भरणारी ‘पीच जॅम’ स्पर्धा. आदिदास आणि अंडर आर्मर यांच्याही अशाच साखळ्या आहेत. यांतल्या बऱ्याच स्पर्धांचा एएयू संस्थेशी संबंध नसला तरी बोलताना लोक या सगळ्याच खेळाला एएयू म्हणतात.

क्लबचा अनुभव म्हणून जे एका शब्दात सांगितले जाते त्यात फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. सगळ्यात वर बूट-कंपन्यांच्या साखळ्यांतले थोडे क्लब असतात. तिथे खेळाडूचा बहुतेक खर्च कंपनी उचलते आणि मुले दूरदूरच्या गावांतून, क्वचित दुसऱ्या राज्यांतूनही आणलेली असतात. मध्ये प्रांतिक पातळीवरचे क्लब येतात. खाली हजारो स्थानिक क्लब असतात. तिथे पालकच फी भरतात, प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च सोसतात, आणि प्रशिक्षक पुष्कळदा संघातल्याच कोणाचा तरी बाप असतो. शाळेच्या दृष्टीने या तीन पातळ्यांचा उपयोग एकसारखा नाही. गंमत म्हणजे सर्वांत नावाजलेल्या वरच्या पातळीचा उपयोग बरेचदा सर्वांत बेभरवशाचा ठरतो.

खालच्या पातळीवरच्या एका क्लबने शाळेला काय दिले, याचे सर्वांत परिचित उदाहरण ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराचे आहे. ड्रू जॉइस यांनी आपल्या मुलासाठी आणि त्याच्या मित्रांसाठी ‘शूटिंग स्टार्स’ हा संघ उभा केला. साल्व्हेशन आर्मीच्या छोट्या जिममध्ये सराव करणाऱ्या या संघात त्यांचा मुलगा ड्रू जॉइस तिसरा, सियान कॉटन, लेब्रॉन जेम्स आणि पुढे विली मगी असे चौघे एकत्र वाढले. १९९९ मध्ये हा संघ चौदा वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिथे थोडक्यात हरला. आठवीनंतर चौघांनी एकाच हायस्कूलमध्ये जायचे ठरवले. त्यांनी बुक्टल या सरकारी शाळेत जावे अशी वस्तीतल्या लोकांची अपेक्षा होती. पण छोट्या ड्रूची उंची फार कमी होती. तिथे आपल्याला मुख्य संघात घेणार नाहीत, असे त्याला वाटत होते. रविवारच्या शिबिरांत त्याची कीथ डॅम्ब्रॉट या प्रशिक्षकांशी ओळख झाली होती आणि ते सेंट व्हिन्सेंट–सेंट मेरी या कॅथलिक शाळेत आले होते. एका मुलाच्या ओढीने बाकीचे तिघेही तिकडे गेले.

पहिल्याच वर्षी, १९९९-२००० मध्ये, या शाळेने २७ पैकी २७ सामने जिंकले आणि राज्याचे विजेतेपद मिळवले. दुसऱ्या वर्षी ते राखले. लेब्रॉन जेम्ससारखा खेळाडू संघात असताना यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण नववीतली मुले हायस्कूलच्या मुख्य संघात आल्यावर सहसा गांगरतात. समोरचे प्रतिस्पर्धी दोन-तीन वर्षांनी मोठे, अंगाने भरलेले असतात आणि आपल्याच संघातली थोरली मुले नवख्यांना चेंडू देत नाहीत. अ‍ॅक्रनच्या चौघांना हा काळ काढावा लागला नाही, कारण एकमेकांना चेंडू देण्याची सवय त्यांना आधीपासून होती.

तिसऱ्या वर्षी काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. डॅम्ब्रॉट अ‍ॅक्रन विद्यापीठात गेले आणि शाळेच्या संघाची सूत्रे क्लबचेच प्रशिक्षक ड्रू जॉइस यांच्याकडे आली. आता क्लब आणि शाळा यांत काही अंतर उरले नव्हते. शाळा वरच्या गटात गेली होती, देशभरातून कॅमेरे येत होते, मुलांच्या डोक्यात हवा गेली होती. २००२ च्या अंतिम सामन्यात सिनसिनाटीच्या रॉजर बेकन या शाळेने त्यांना हरवले. पुढच्या वर्षी हाच संघ पुन्हा राज्याचा विजेता झाला आणि वर्तमानपत्रांच्या क्रमवारीत देशात पहिला आला. क्लबमधली एकजूट शाळेला वर नेऊ शकते, पण हंगामाची शिस्त प्रत्येक वर्षी नव्याने कमवावी लागते, हे या चार वर्षांत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

कॅलिफोर्नियातल्या चिनो हिल्स हायस्कूलने २०१५-१६ मध्ये ३५ पैकी ३५ सामने जिंकले. त्या संघाचा कणा लॉन्झो, लिअँजेलो आणि लमेलो हे तीन बॉल बंधू होते. त्यांचे वडील लव्हार बॉल यांनी ‘बिग बॉलर्स’ नावाचा क्लब काढला होता. तीच मुले उन्हाळ्यात त्या क्लबकडून खेळत. चेंडू हातात आला की धावत सुटायचे, लांबून बेधडक फेकायचे, चुकले तरी समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, हा क्लबचा खेळ शाळेने जवळपास जसाच्या तसा घेतला. प्रशिक्षक स्टीव्ह बाइक यांनी तो मोडून आपला साचा लादला नाही, हे त्यांचे शहाणपण. शाळेच्या मंद, मोजूनमापून खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना त्या वेगाला उत्तर सापडेना. सलग ६० विजयांनंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या ओक हिल अकॅडमीने ही मालिका तोडली. त्याआधीच लॉन्झो कॉलेजला आणि बाइक दुसऱ्या शाळेत गेले होते. काही महिन्यांनी वडिलांनी लमेलोलाही शाळेतून काढले. घरातून आलेला खेळ घराबरोबरच निघून गेला.

सिअ‍ॅटलच्या नेथन हेल हायस्कूलचे उदाहरण याहून टोकाचे. २०१५-१६ मध्ये या शाळेने तीन सामने जिंकले आणि १८ गमावले. पुढच्या वर्षी २९ पैकी २९ जिंकून ती राज्याची विजेती झाली. मधल्या काळात मिसुरीहून मायकेल पोर्टर ज्युनिअर आणि त्याचा भाऊ या शाळेत आले होते. मायकेल त्याच उन्हाळ्यात ‘मोकॅन एलिट’ या क्लबकडून पीच जॅम जिंकून आलेला. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले ब्रँडन रॉय पहिल्यांदाच प्रशिक्षक झाले होते आणि शहरातल्या इतर चांगल्या मुलांनीही तिकडे धाव घेतली. वर्ष संपले, पोर्टर बंधू मिसुरीला परतले आणि रॉय आपल्या जुन्या गारफील्ड शाळेत गेले. पुढचे विजेतेपद त्यांनी तिथे मिळवले. क्लबच्या जगातून आलेल्या दोन-तीन मुलांमुळे एखाद्या शाळेचे नशीब एका वर्षात पालटते हे खरे. त्या शाळेत खेळ रुजला असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

राष्ट्रीय पातळीवरच्या क्लबचा अनुभव एकट्या खेळाडूच्या रूपाने आला तर तो पुरेलच असेही नाही. आयोवातली केटलिन क्लार्क ‘ऑल आयोवा अटॅक’ या क्लबकडून खेळे. २०१८ मध्ये त्या क्लबने नायकीच्या मुलींच्या साखळीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तिची शाळा वेस्ट डेमॉइन इथली डाउलिंग कॅथलिक. तिथे अकरावीत असताना तिने एका सामन्यात ६० गुण केले. बारावीत तिची सरासरी सामन्यामागे ३३ गुणांहून जास्त होती. तरी त्या वर्षी तिचा संघ राज्यस्पर्धेच्या आधीच्या प्रादेशिक अंतिम फेरीतच बाहेर पडला. क्लबमध्ये तिच्याभोवती राज्यभरातून निवडलेल्या मुली होत्या. एकीने दोघींना ओढून घेतले की तिसरी मोकळी सापडे आणि ती बास्केट करी. शाळेच्या सामन्यात प्रतिस्पर्धी दोन-दोन, तीन-तीन मुली तिच्यावरच लावत. मुलींचा बास्केटबॉल आयोवात फार जुना आणि जिव्हाळ्याचा. १९९३ पर्यंत तिथे सहा-सहा मुलींचा वेगळा खेळ चालत होता आणि राज्यस्पर्धेला प्रेक्षकांची झुंबड उडे. अशा राज्यात इतकी मोठी खेळाडू असूनही शाळा राज्यस्पर्धेपर्यंत पोहोचत नाही, यातून एक गोष्ट उघड होते. शाळेचा संघ पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूइतकाच पाचव्या, सहाव्या आणि सातव्या क्रमांकाच्या मुलांवर चालतो.

क्लबच्या अनुभवाचा आणि शाळेच्या विजयाचा संबंध आकड्यांत पकडणेही वाटते तितके सरळ नाही. ज्या संघात क्लबचे खेळाडू जास्त तो जास्त जिंकतो, असे दिसले तरी त्याने क्लबचा हातभार सिद्ध होत नाही. क्लब मुळातच उंच, चपळ, गुणी मुले निवडतात; ही मुले क्लबशिवायही शाळेत चांगलीच खेळली असती. फी भरू शकणारी कुटुंबे ज्या उपनगरांत राहतात तिथल्या शाळांकडे चांगली जिम आणि अनुभवी प्रशिक्षक आधीच असतात. म्हणून मुलाला क्लबमध्ये नेमके काय मिळते आणि त्यातले शाळेच्या कोर्टवर काय टिकते, हे तपासणे अधिक उपयोगाचे.

जे टिकते ते महत्त्वाचेच आहे. शाळेच्या हंगामात एखाद्या लहान गावच्या मुलासमोर वर्षानुवर्षे तीच शेजारची आठ-दहा गावे येतात. क्लबमध्ये तो पहिल्यांदा आपल्याहून हातभर उंच, आपल्याहून वेगवान मुलाला अडवतो. दोन जणांनी घेरल्यावर चेंडू जमिनीवर खेळवत कसा सोडवायचा, उडी मारणाऱ्या उंच बचावपटूच्या हाताखालून किंवा वरून चेंडू कसा काढायचा, थकल्यावरही पाय कसे हलवायचे, हे त्याला सामन्यांतच शिकावे लागते. हिवाळ्यात शाळेच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे चेंडू पुढे नेतानाच अडवणारा बचाव, लावला तर जी मुले गोंधळत नाहीत ती बहुधा क्लबमध्ये खेळलेली असतात. खेळ अंगवळणी पडायला सामन्यांची संख्या लागते आणि ती शाळा एकटी देऊ शकत नाही.

जे टिकत नाही त्याचे कारण क्लबच्या वेळापत्रकात आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार एवढ्यात एकेक संघ चार-पाच सामने खेळतो. एका मोठ्या सभागृहात शेजारी शेजारी आठ-दहा कोर्टे, प्रत्येकावर सामना, आणि स्थानिक स्पर्धांत घड्याळही पुष्कळदा न थांबता चालते. दूरदूरच्या मुलांचा संघ असल्याने मधल्या आठवड्यात सराव एखादा, कधी तोही नाही. बचावात एकमेकांची जागा कशी भरून काढायची, चेंडू बाजूच्या रेषेबाहेरून आत टाकताना कोणी कोणासाठी आडोसा धरायचा, झोन बचाव पासांनी कसा उघडायचा, या गोष्टी रोजच्या सरावाशिवाय येत नाहीत. शिकागो बुल्सकडून विजेतेपदे मिळवलेले आणि पुढे गोल्डन स्टेट वॉरिअर्सचे प्रशिक्षक झालेले स्टीव्ह कर यांनी २०१२ मध्ये एका लेखात यातली मोठी उणीव दाखवली होती. एक सामना हरला तरी तासाभरात दुसरा असतोच, त्यामुळे जिंकण्याचे मोलच मुलांना वाटेनासे होते, असे त्यांचे म्हणणे. लहानपणी इटलीत वाढलेला एनबीएचा नामवंत खेळाडू कोबी ब्रायंट २०१५ मध्ये याहून कडक बोलला होता. युरोपातली मुले खेळाची मूलतत्त्वे जास्त नीट शिकून येतात आणि त्याला अमेरिकेतली एएयू पद्धत जबाबदार आहे, असा त्याचा रोख होता.

दोघांच्या टीकेत तथ्य आहे, पण ती सरसकट सगळ्या क्लबांना लावणे अन्यायाचे होईल. आठवड्यातून दोन-तीन दिवस नीट सराव घेणारे आणि एकाच परिसरातली मुले चार-पाच वर्षे एकत्र ठेवणारे क्लब आहेत, आणि त्यांच्यामुळे शाळांचे काम खरोखर हलके होते.

नियमांतला एक फरक बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. हायस्कूलचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार भागांत, एकूण ३२ मिनिटांचा असतो. ठरावीक सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे, असे बंधन घालणारा शॉट क्लॉक कित्येक दशके बहुसंख्य राज्यांतल्या शाळांत नव्हता. २०२२-२३ च्या हंगामापासून शाळांच्या खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने ३५ सेकंदांचा शॉट क्लॉक वापरण्याची मुभा राज्यांना दिली. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. जिथे तो नाही तिथे पाच-सहा गुणांनी पुढे असलेला संघ मिनिट-मिनिट चेंडू फिरवत ठेवू शकतो. उन्हाळाभर धावता खेळ खेळलेल्या मुलाला हा संयम जड जातो. तो घाईने पुढे येऊन चेंडू हिसकवायला जातो, मागे जागा मोकळी पडते आणि समोरचा संघ सोपी बास्केट करतो. नोव्हेंबरचे पहिले काही आठवडे शाळांचे प्रशिक्षक नवे काही शिकवण्यापेक्षा अशा सवयी सोडवण्यातच घालवतात.

क्लबच्या मुलांना शाळेच्या चौकटीत बसवण्याचे काम ज्यांना साधले त्यांत जर्सी सिटीच्या सेंट अँथनी हायस्कूलचे बॉब हर्ली यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. पेशाने ते प्रोबेशन अधिकारी. शाळा लहान आणि गरीब. तिला स्वतःची जिमही नव्हती, आणि संघ कित्येक वर्षे एका जुन्या सामाजिक सभागृहात सराव करी. तरी हर्ली यांनी तिला न्यू जर्सीची कितीतरी विजेतेपदे मिळवून दिली. २०१० मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला; २०१७ मध्ये पैशाअभावी शाळा बंद पडली. त्यांचे बरेच खेळाडू उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या मोठ्या क्लबांकडून खेळत. ‘प्लेअ‍ॅझ’ क्लबचा काइल अँडरसन त्यांच्याकडे दोन वर्षे होता आणि त्या दोन हंगामांत सेंट अँथनी एकही सामना हरली नाही. उन्हाळ्यात कोण कोणत्या क्लबात किती गाजला याला हर्ली यांच्या सरावात किंमत नव्हती. बचावात पाय हलले नाहीत तर कोणीही बेंचवर बसे. क्लबमधले कौशल्य त्यांना हवेच होते, त्याबरोबर येणारा मान नको होता.

हा मानाचा प्रश्न नाजूक आहे. मुलाला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात आज शाळेच्या प्रशिक्षकापेक्षा क्लबच्या प्रशिक्षकाचा शब्द अनेकदा जास्त चालतो. वास्तविक हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलग्यांपैकी साधारण साडेतीन टक्के कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या कोणत्या तरी संघात पोहोचतात आणि सर्वोच्च विभागात जेमतेम एक टक्का. पण आशा सगळ्यांनाच असते आणि त्या आशेपोटी पालक क्लबच्या माणसाचे ऐकतात. त्याने शाळा बदलायला सांगितले तर शाळाही बदलतात. मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा कूपर फ्लॅग आणि त्याचा जुळा भाऊ एस हे नोकोमिस या आपल्या गावच्या सरकारी शाळेकडून नववीत खेळले आणि २०२२ मध्ये त्या शाळेने राज्याचे पहिलेवहिले विजेतेपद मिळवले. त्यानंतर दोघे फ्लोरिडातल्या मॉन्टवर्ड अकॅडमीत गेले. उन्हाळ्यात ते ‘मेन युनायटेड’ या क्लबकडून खेळत राहिले. मॉन्टवर्डने २०२३-२४ चा हंगाम अपराजित संपवला आणि कूपर २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. त्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच ठरला. नोकोमिससारख्या गावच्या शाळेला मात्र असा खेळाडू एका वर्षापुरताच लाभतो. ओक हिल, मॉन्टवर्ड अशा खासगी अकॅडम्या बलाढ्य होण्यामागे देशभरातून असे खेळाडू त्यांच्याकडे येणे हे मोठे कारण आहे.

म्हणूनच साधारण शाळेच्या दृष्टीने खरा लाभ देशभर गाजणाऱ्या मुलापेक्षा मधल्या मुलांच्या क्लब-अनुभवातून होतो. जो मुलगा कॉलेजात खेळणार नाही, कुठल्याही क्रमवारीत नाही, पण गावच्या क्लबात दोन उन्हाळे मनापासून खेळला आहे, तो शाळेत सहावा-सातवा म्हणून उतरतो आणि मुख्य खेळाडू दमल्यावर संघाला सांभाळतो. त्याने मोठ्या नावाच्या क्लबात बेंचवर बसून काढलेल्या उन्हाळ्यापेक्षा लहान क्लबात पूर्ण वेळ खेळून काढलेला उन्हाळा शाळेला जास्त देतो. एकाच शाळेचे चार-पाच जण एका क्लबात असले तर लाभ आणखी वाढतो. काही राज्यांच्या संघटना मात्र हंगामाबाहेर एका शाळेचे किती खेळाडू एका क्लबात खेळू शकतात यावर मर्यादा घालतात. शाळेच्या प्रशिक्षकाने क्लबच्या आडून वर्षभर संघ चालवू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे अ‍ॅक्रनसारखी एकजूट तयार होण्याची वाटही अरुंद होते.

या सगळ्याचा भार शेवटी मुलांच्या शरीरावर पडतो. शाळेचा हंगाम संपतो तोच क्लबचा सुरू होतो. विश्रांतीचे आठवडे उरत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५-१६ मध्ये राज्यातल्या २९ हायस्कूलांतल्या दीड हजारांहून अधिक खेळाडूंचा अभ्यास केला. एकाच खेळाला वाहून घेतलेल्यांपैकी ४६ टक्क्यांना आधी कधीतरी पायाची दुखापत झाली होती. इतरांत हे प्रमाण २४ टक्के होते. २००८ ते २०१५ या काळात एनबीए ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्या २३७ खेळाडूंच्या दुसऱ्या एका अभ्यासात हायस्कूलमध्ये एकाहून जास्त खेळ खेळलेल्यांना पुढे गंभीर दुखापती कमी झाल्या आणि त्यांनी सामनेही जास्त खेळले, असे दिसले. २०१६ मध्ये एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. चौदा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळात अडकवू नये आणि वयानुसार आठवड्याच्या सामन्यांना मर्यादा असावी, असे त्यांत सांगितले आहे. हायस्कूलच्या मुलांसाठी ती मर्यादा आठवड्याला दोन-तीन सामन्यांची आहे. क्लबच्या एका शनिवार-रविवारात ती ओलांडली जाते. घोटा आणि गुडघा दुखावलेला मुलगा हिवाळ्यात शाळेच्या बेंचवर बसला तर उन्हाळ्यात त्याने मिळवलेला अनुभव शाळेच्या काहीच कामाचा नसतो.

शाळा आणि क्लब यांच्यातला तोल अलीकडे थोडा हलला तो एका घोटाळ्यामुळे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने कॉलेजचे काही सहायक प्रशिक्षक आणि बूट-कंपनीशी संबंधित माणसांना अटक केली. ठरावीक कॉलेजात जावे म्हणून हायस्कूलमधल्या खेळाडूंच्या कुटुंबांना पैसे पोहोचवल्याचे प्रकरण उघड झाले आणि पुढच्या वर्षी आदिदासच्या एका अधिकाऱ्यासह तिघांना न्यायालयाने दोषी ठरवले. माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये अहवाल दिला आणि उन्हाळी क्लब-स्पर्धांच्या कारभारावर कठोर टीका केली. त्यानंतर एनसीएएने नियम बदलले. २०१९ पासून जूनमधल्या दोन शनिवार-रविवारी कॉलेजच्या प्रशिक्षकांना शाळांच्या संघटनांनी मान्य केलेल्या स्पर्धांत खेळाडू पाहता येऊ लागले, आणि जुलैतल्या क्लब-स्पर्धांना त्यांनी हजर राहण्याचे दिवस कमी झाले.

या जून-स्पर्धांत शाळेचा प्रशिक्षक आपला पूर्ण संघ घेऊन उतरतो. पुढच्या हंगामात कोण कुठे खेळणार, नवी मुले जुन्यांत कशी मिसळतात, हे त्याला नोव्हेंबरऐवजी जूनमध्येच पाहता येते. एरवी क्लबकडून खेळणारा मुलगा इथे रोजच्या सोबत्यांबरोबर, ठरलेल्या बचावात आणि आपल्या खऱ्या जबाबदारीत दिसतो. आणि क्लबची फी व प्रवासखर्च परवडत नाही म्हणून जी मुले उन्हाळ्याच्या त्या वर्तुळाबाहेर राहतात, त्यांनाही निदान त्या थोडक्या दिवसांत शाळेच्या संघातून कॉलेजच्या प्रशिक्षकांसमोर खेळायला मिळते.